चार धाग्यांवरून पेशींचा अभ्यास

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानामुळे दूरदूरच्या भाविकांना ठाऊक आहे. परंतु येथे त्याचे नाव घेण्याचे कारण देवस्थानाशी निगडित नसून सभोवारच्या शिवाराशी आहे. दसरा उलटला की ज्या मुलखात घरोघरी वेचलेल्या कापसाचे ढीग लागतात, जेथील मूल सरकी, रुई, पऱ्हाटी हे शब्द ऐकतच वाढते, तेथील नववीच्या विद्यार्थ्याने पेशी आणि ऊती ही प्रकरणे केवळ पाठ्यपुस्तकातील रंगीत आकृत्यांवरून मुखोद्गत करावीत, परीक्षेत उतरवावीत आणि पुढे विसरून जावीत, ही स्थिती मला शोचनीय वाटते. कारण कापसाचा प्रत्येक तंतू ही वनस्पतीची एक, केवळ एक, पेशी आहे, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारी, चिमटीत धरता येणारी ही पेशी घरात मणांनी साठवलेली असताना आपण तिला ओळखत नाही. पुढील मजकूर तलवाड्यासारख्या गावांतील विज्ञानशिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि मुलांच्या अभ्यासाकडे आस्थेने पाहणाऱ्या पालकांसाठी लिहिला आहे. पुस्तक बाजूस सारावे असे मला सुचवायचे नाही. पुस्तक उघडण्यापूर्वी काय पाहावे, कसे पाहावे आणि पाहिलेले कसे नोंदवावे, एवढेच सांगावयाचे आहे.

आरंभ चार धाग्यांपासून करावा. कापूस घरात आहेच. मेंढ्या राखणाऱ्यांकडून किंवा जुन्या घोंगडीच्या काठावरून लोकरीचा एखादा केस मिळेल. तुती लावून रेशमाचे कोष घेणारे शेतकरी बीड जिल्ह्यात आता पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कोणाकडे एक फुटका कोष मागितला तर तो नाही म्हणणार नाही. आणि बांधावरच्या अंबाडीची साल सोलून पाण्यात भिजत घातली म्हणजे वाखाचा धागा हाती येतो. वापराच्या दृष्टीने हे चारही जिन्नस धागेच होत, परंतु त्यांची घडण परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहे. कापसाचा तंतू ही एक पेशी. अंबाडीचा धागा म्हणजे काही मिलिमीटर लांबीच्या, टोकांकडे निमुळत्या अशा अनेक पेशी एकमेकींना बिलगून झालेली जुडी. लोकरीचा केस हा प्राण्याच्या त्वचेतून वर आलेल्या असंख्य मृत पेशींचा स्तंभ. आणि रेशमाच्या धाग्यात पेशी मुळीच नाही. अळीच्या शरीरातील ग्रंथींच्या पेशींनी निर्माण केलेले प्रथिन तोंडाजवळच्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर येताच घट्ट होते आणि त्याचाच तो अखंड धागा बनतो. पेशी कशाला म्हणावे, पेशीसमूह कशाला म्हणावे, आणि पेशीने निर्माण केलेला परंतु स्वतः पेशी नसलेला पदार्थ कोणता, हे तिन्ही प्रश्न या चार धाग्यांत सामावलेले आहेत. आणि हा भेद एकदा मनात ठसला की पुढील पारिभाषिक शब्दांचे ओझे निम्म्याने हलके होते.

साधनांची तजवीज फारशी खर्चाची नाही. शाळेत संयुक्त सूक्ष्मदर्शक असेल तर तो कपाटातून बाहेर काढावा, कारण अनेक शाळांत तो केवळ तपासणीच्या दिवशी मेजावर येतो. दहा पटींची नेत्रिका आणि दहा पटींचे वस्तुभिंग मिळून शंभर पटींचे वर्धन होते, चाळीस पटींचे वस्तुभिंग लावल्यास चारशे पटींचे. या लेखातील बहुतेक निरीक्षणे शंभर पटींत होतात. सूक्ष्मदर्शक नसेल तर मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2014 साली जगापुढे ठेवलेला कागदी फोल्डस्कोप मागवता येतो. त्याचे वर्धन सुमारे एकशेचाळीस पट असून तो वहीच्या पानांत मावतो. याखेरीज काचपट्ट्या, आच्छादक काचा, एक ड्रॉपर, दोन सुया, औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन, आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी एवढे साहित्य पुरे. ही पट्टी विसरू नये. प्रथम तीच सूक्ष्मदर्शकाखाली धरावी, दृष्टिक्षेत्राच्या व्यासात किती मिलिमीटर मावतात ते मोजावे आणि तो आकडा नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्यानंतर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या आकारमानाचा अदमास त्या आकड्यावरून बांधता येतो. ज्याने पेशी मोजली नाही त्याच्या मनात ती आकृतीच राहते, वस्तू होत नाही, असा माझा ठाम समज आहे.

आता कापूस. सरकीवरून एक तंतू अलगद ओढून घ्यावा, काळ्या कागदावर सरळ करून पट्टीने मोजावा. शिवारात सर्वत्र लावल्या जाणाऱ्या संकरित वाणांत त्याची लांबी पंचवीस ते तीस मिलिमीटरच्या दरम्यान भरेल, गावरान कपाशीत ती कमी असेल आणि तंतू अधिक जाड व राठ लागेल. नंतर तोच तंतू पाण्याच्या थेंबात ठेवून, आच्छादक काच एका कडेने टेकवीत हळूहळू खाली सोडून, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत अशा रीतीने, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. दिसेल ती एक चपटी, जागोजाग पीळ पडलेली फीत. पाणी काढून घेतलेली कापडी नळी जशी दबून मुरगळते तशी. तिची रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, क्वचित त्याहूनही कमी असते. म्हणजे लांबी रुंदीच्या दीड हजार पटींच्या घरात जाते. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापाच्या असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे सरकीच्या सालीवरच्या या पेशीने केवढी मजल मारली आहे याची कल्पना येईल.

ही मजल ती कशी मारते हे पाहण्यासाठी शेतातच जावे लागते, आणि हा प्रयोग तलवाड्याच्या मुलांना जितका सुलभ आहे तितका मुंबई-पुण्याच्या मुलांना नाही. कपाशीचे फूल उमलते त्या दिवशी ते पांढरट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे कोणाही शेतकऱ्यास माहीत आहे. त्यामुळे फूल नेमके कधी उमलले याची खातरजमा विनासायास होते. उमललेल्या दिवशीच्या फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधून तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवावी, आणि दहाव्या, विसाव्या, तिसाव्या व चाळिसाव्या दिवशी एकेक बोंड खुडून आणावे. फूल उमलण्याच्या सुमारास बीजांडाच्या बाहेरील थरातील हजारो पेशी फुगून वर येऊ लागतात. पुढील सुमारे तीन आठवडे त्या केवळ लांब होत जातात, आणि या काळात त्यांची भित्तिका अतिशय पातळ असून आत पेशीरसाने भरलेली मोठी रिक्तिका असते. या रिक्तिकेचा दाबच पेशीला ताणून लांब करतो. म्हणून दहा दिवसांच्या बोंडात ओले, पाणीदार, लिबलिबीत पांढरे वेष्टण दिसते, त्यास कोणी रुई म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे लांबी वाढण्याचे थांबत जाऊन पेशी आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढवू लागते, ते काम आणखी तीन-चार आठवडे चालते, आणि बोंड फुटते त्या वेळी पेशीतील सजीव भाग मरून गेलेला असतो. उरते ती भित्तिका. वाळताना ती दबते आणि तिला पीळ पडतो. सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात, त्याला हा पीळ पुष्कळ अंशी कारण आहे.

या ज्ञानाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. बोंड पोसण्याच्या उत्तरार्धात पाण्याचा ताण पडला, रोगाने पाने गळाली, किंवा झाड अकाली वाळले, तर तंतूची लांबी भरलेली असली तरी भित्तिका जाड होत नाही. असा तंतू कमकुवत राहतो, गाठी धरतो आणि रंगही नीट घेत नाही. लांबी आधी ठरते आणि भरीवपणा मागाहून येतो, ही गोष्ट ज्या मुलाने चिठ्ठ्या बांधून स्वतः पाहिली असेल, त्याला शेवटच्या पाण्याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागणार नाही. पक्व आणि अपक्व तंतू शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास पहिला पीळदार व भरीव, दुसरा कागदासारखा पातळ व आडवा घडी पडलेला दिसतो.

येथे एक गंभीर सूचना करणे माझे कर्तव्य आहे. कपाशीवर कीटकनाशकांच्या फवारण्या वारंवार होतात, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले ही हकीकत अजून ताजी आहे. फवारणी झालेल्या शेतात मुलांना पाठवू नये. ज्याचे शेत आहे त्याला फवारणीचा दिवस विचारावा, औषधाच्या वेष्टनावर सांगितलेली मुदत उलटू द्यावी, बोंडे मोठ्या माणसाने आणावीत, धुवावीत, आणि काम संपताच सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

कापसाचा तंतू मृत पेशी आहे हे कळल्यावर विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रसंग सहज उलगडतो. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले तेही मृत पेशींच्या भित्तिकांचेच होते. आतला सजीव ऐवज कधीच नाहीसा झालेला होता. केंद्रकाला त्याचे नाव मिळाले ते रॉबर्ट ब्राउनकडून, 1831 मध्ये. वनस्पतींचे शरीर पेशींचे बनलेले असते असे श्लायडेनने 1838 मध्ये आणि प्राण्यांविषयी तेच श्वानने 1839 मध्ये प्रतिपादिले. आणि पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते हे सूत्र फिर्खोने 1855 मध्ये मांडले. पहिल्या निरीक्षणापासून सिद्धान्तापर्यंत पावणेदोनशे वर्षे लोटली, यावरून एक बोध शिक्षकांनी घ्यावा: रिकाम्या कप्प्यांवरून सजीव पेशीची कल्पना येत नाही. म्हणून कापसानंतर सजीव पेशी दाखवावी.

त्यासाठी कांद्याचा पापुद्रा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे आणि तो योग्यही आहे. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा सुईने सोडवून पाण्यात घ्यावा, आयोडीनचा एक थेंब द्यावा, आणि पाहावे. पेशी ओळीने मांडलेल्या, लांबट, प्रत्येकीत पिवळसर तपकिरी केंद्रक, बहुधा कडेला सरकलेले, कारण मधली जागा रिक्तिकेने अडवलेली असते. या ठिकाणी विद्यार्थी एक चूक हमखास करतात: पुस्तकातील वनस्पतिपेशीच्या आकृतीत हरितलवके असतात म्हणून ते कांद्याच्या पेशीतही हिरवे ठिपके काढतात. कांद्याची गाठ जमिनीत, उजेडापासून दूर वाढते. तिच्या पापुद्र्यात हरितलवके नसतात. जे दिसले तेच काढावयाचे, न दिसलेले काढावयाचे नाही, हा नियम शिक्षकांनी निष्ठेने अमलात आणावा आणि न दिसणाऱ्या भागांची नावे आकृतीत लिहिणाऱ्यास गुण देऊ नयेत. हरितलवके पाहावयाचीच असतील तर कालव्याच्या किंवा तळ्याच्या कडेची हायड्रिला नावाची पाणवनस्पती आणून तिचे कोवळे पान जसेच्या तसे पाण्यात ठेवावे. त्यात हिरवे दाणे दिसतील, आणि चित्त स्थिर ठेवून काही वेळ पाहिल्यास ते दाणे पेशीच्या कडेकडेने सरकतानाही दिसतील.

लाल कांदा मिळाला तर आणखी एक प्रयोग करावा. त्याच्या पाकळीच्या बाहेरील बाजूच्या जांभळ्या पापुद्र्यावर मिठाच्या दाट पाण्याचे थेंब सोडले असता काही मिनिटांत रंगीत पेशीरस आकसून भित्तिकेपासून सुटतो. भित्तिका मात्र जागच्या जागी राहते. मीठ धुऊन साधे पाणी दिल्यास, फार वेळ गेलेला नसेल तर, रस पुन्हा पसरतो. परासरण या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी हे दाखवावे. कैरीला मीठ लावले की पाणी सुटते ते याच कारणाने, आणि युरिया रोपाच्या मुळाशी थेट पडला व जमिनीत ओल कमी असली की रोप करपते तेही याच कारणाने.

प्राण्याची पेशी पाहण्यासाठी गालाच्या आतील कड पुरेशी आहे. चूळ भरून, स्वच्छ काडीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडावी, आलेला अंश काचपट्टीवर पसरावा, मिथिलीन ब्ल्यूचा किंवा आयोडीनचा थेंब द्यावा. काडी ज्याची त्यानेच वापरावी आणि लगेच नष्ट करावी. यात कुचराई होऊ देऊ नये. दिसणाऱ्या पेशी चपट्या, अनियमित कडांच्या, कोठे दुमडलेल्या, आणि मध्यभागी केंद्रक असलेल्या. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. कांद्याच्या पेशी भिंतीला भिंत लावून राहिलेल्या होत्या, या मात्र सुट्या झाल्या, दुमडल्या, सरकल्या. वनस्पती एका जागी उभी राहते, वारा, ऊन आणि स्वतःचा भार तिला जागच्या जागी सोसावयाचा असतो, म्हणून तिच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भित्तिका असते. प्राण्याला हालचाल करावयाची असते, त्याच्या पेशीला केवळ लवचीक प्रद्रव्यपटल असते, आणि आधाराचे काम हाडांकडे व कूर्चेकडे सोपवलेले असते. पुस्तकातील तुलनेच्या तक्त्यातील सात-आठ मुद्द्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका भेदात आहे.

ऊतींकडे वळताना मी शिक्षकांना एवढेच सुचवीन की वर्गीकरणाचा तक्ता आधी देऊ नये. काम आधी विचारावे. कडबा जनावरे खातात, तुराटी व पऱ्हाटी मात्र चुलीत जाते, असे का? ज्वारीच्या ताटाचा आडवा छेद घेतला तर वाहक ऊतींचे ठिपके सर्वत्र विखुरलेले, कडेला दाट व मध्ये विरळ, आणि त्यांच्यामधली सर्व जागा पातळ भित्तिकांच्या मऊ मूल ऊतींनी भरलेली दिसते. तुरीच्या खोडाच्या छेदात त्याच वाहक ऊती वलयाकार मांडलेल्या असतात, आणि जलवाहिनी व रसवाहिनी यांच्यामध्ये पार्श्व विभाजी ऊतीचा एक थर असतो, जो आतल्या बाजूस नवे लाकूड निर्माण करीत राहतो. ज्वारीला हा थरच नाही. म्हणून तिचे ताट लाकूड होत नाही, तुरीचे होते. लाकूड म्हणजे बव्हंशी जलवाहिनी आणि दृढ ऊतींच्या मृत, लिग्निनने कठीण झालेल्या पेशी. गुराच्या कोठ्यातील सूक्ष्मजीव सेल्युलोज पचवतात, लिग्निनपुढे त्यांचे चालत नाही. बियाणे एकदलिकित की द्विदलिकित एवढ्यावरून वैरण आणि सरपण यांची वाटणी होते, ही गोष्ट तक्त्यात कोठेही आढळत नाही, पण ती ऐकलेला विद्यार्थी दोन्ही छेदांच्या आकृत्या जन्मभर विसरत नाही.

छेद घेण्याची रीत अशी: कोवळे खोड गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्यात खाच पाडून त्यात धरावे, दाढीचे नवे पाते पाण्याने ओले करून एकाच दिशेने झपकन ओढावे, अनेक काप पाण्याच्या बशीत सोडावेत आणि त्यांतला सर्वांत पातळ, जवळजवळ पारदर्शक काप उचलावा; वर्तुळ पुरे झालेले नसले तरी चालते, जाडी महत्त्वाची. पाते शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या हातीच असावे. पाणी कोठून चढते हे पाहण्यासाठी पावसाळ्यात तेरड्याची पांढऱ्या फुलाची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवावी. काही तासांनी छेद घेतला असता रंग केवळ जलवाहिन्यांत उतरलेला दिसतो. रसवाहिनीचा दाखला बांधावर मिळतो: झाडाची साल सभोवार सोलली गेली की लाकूड शाबूत असल्यामुळे पाने काही काळ हिरवी राहतात, परंतु पानांत तयार झालेले अन्न सालीतील रसवाहिन्यांवाटे मुळांकडे जाण्याचे बंद होते आणि झाड अखेर मुळांच्या उपासमारीने मरते. विभाजी ऊतीसाठी तर शेतकऱ्याच्या दोन नित्याच्या अनुभवांकडे बोट दाखवावे. तुरीचा शेंडा खुडला की फांद्या फुटतात, कारण शेंड्यावरची विभाजी ऊती गेल्यामुळे बगलेतील कळ्यांवरचा तिचा अंमल संपतो. आणि शेळ्यांनी वरून कुरतडलेले गवत पुन्हा वाढते, कारण गवताची विभाजी ऊती पेरांच्या व पानांच्या तळाशी, तोंडाच्या पल्ल्याखाली सुरक्षित असते.

सीताफळाचा हंगाम आला की दृढ ऊतीचा पाठ घ्यावा. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि बालाघाटच्या डोंगरांतून आलेली ही फळे गेवराईच्या बाजारातही मिळतात. गर खाताना, विशेषतः सालीलगत, दातांखाली जे बारीक रवे लागतात ते साखरेचे नव्हेत. ते अतिशय जाड भित्तिकांच्या अश्मपेशींचे पुंजके होत. एक रवा पाण्यात धुऊन दोन काचपट्ट्यांमध्ये दाबावा आणि पाहावा. भित्तिका इतकी जाड असते की आत पोकळी नाममात्र उरते, आणि भित्तिकेतून आरपार गेलेल्या सूक्ष्म नलिका दिसतात. पेरूच्या गरातही असेच रवे असतात. अंबाडीचा लांब तंतू आणि सीताफळाचा गोल रवा हे एकाच दृढ ऊतीचे दोन प्रकार आहेत, हे येथे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

आणि आता ज्या मुलांसाठी हे लिहिताना माझे मन सर्वाधिक अडखळते त्यांच्याविषयी. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, चैत्राच्या सुमारास परततात, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचा शाळेशी संबंध नेमका अभ्यासाच्या भरात तुटतो. ही मुले काही महिने ज्या पिकात राहतात त्यात ऊतींचा सबंध पाठ भरलेला आहे. ती निघण्यापूर्वी शिक्षकांनी त्यांना एक वही, एक पेन्सिल आणि शक्य असल्यास एक हातभिंग द्यावे, आणि ही कामे सांगावीत. उसाच्या ताज्या कापाकडे भिंगातून पाहून ठिपक्यांची मांडणी काढणे, पेरावरचा डोळा आणि त्याच्या लगतचे मुळांचे बारीक ठिपके काढणे, आणि ऊस चघळल्यावर उरलेला चोथा सोडवून पाहणे. चघळताना जो गोड रस निघतो तो मूल ऊतींच्या पेशींतील रिक्तिकांमधला, आणि जो चोथा थुंकावा लागतो तो वाहक ऊती, त्यांभोवतीचे दृढ तंतू व फुटलेल्या पेशींच्या भित्तिका यांचा. म्हणजे दातांनी ऊतींची विभागणी आपोआप होते. तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळपास का न्यावा लागतो, हा प्रश्नही त्यांनाच विचारावा: तोडल्यानंतरही पेशी काही काळ सजीव असतात, त्यांचे श्वसन चालू राहते, साखरेचे विघटन होते आणि उतारा घटतो. परत आल्यावर या वह्या वर्गात सर्वांसमोर वाचल्या जाव्यात. मागे पडलेला विद्यार्थी म्हणून नव्हे, तर इतरांनी न पाहिलेले पाहून आलेला म्हणून त्याचे स्वागत व्हावे, अशी माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

प्राण्यांच्या ऊतींसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगे साळतात. त्या सालपटांत, नखांच्या कापांत आणि लोकरीच्या केसांत अभिस्तर ऊतीपासून आलेल्या, केराटिनने भरलेल्या मृत पेशी असतात, आणि लोकरीच्या केसावर चारशे पटींत एकावर एक बसलेले खवले दिसतात. जळताना लोकरीला व नखाला सारखाच उग्र वास येतो, कापसाला कागद जळल्याचा. एकात प्रथिन, दुसऱ्यात सेल्युलोज. ज्या घरांत मांसाहार चालतो त्यांनी शेळीच्या सांध्यावरची गुळगुळीत पांढरी कूर्चा, स्नायू हाडास जोडणारा स्नायुरज्जू, आणि उकडलेल्या मांसाचे सुईने सोडवलेले तंतू पाहावेत. चारशे पटींत त्या तंतूंवर आडवे पट्टे दिसतात. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांच्यावर सक्ती करू नये, त्यांना गालाच्या पेशी आणि शिंगाची सालपटे पुरेत. रक्त पाहण्यासाठी शाळेत बोट टोचण्याचा प्रकार मुळीच करू नये. रक्त आणि चेता ऊती यांच्या कायम स्वरूपाच्या काचपट्ट्या जवळच्या महाविद्यालयाकडून पाहण्यापुरत्या मागाव्यात.

ज्या विद्यार्थ्याला यात गोडी वाटेल त्याच्यासाठी महाराष्ट्रात वाटा बंद नाहीत. केळीची आणि उसाची रोपे ऊतिसंवर्धनाने होतात हे गावात सर्वांना ठाऊक आहे. वनस्पतीच्या एका पेशीपासून अखंड रोप वाढवता यावे ही कल्पना हाबरलांट यांनी 1902 साली मांडली होती, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी अनेक दशकांतून एकदा फुलणाऱ्या बांबूला काचेच्या भांड्यात फुलविल्याचे वृत्त 1990 मध्ये जगापुढे आले. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र असून तेथे प्राण्यांच्या पेशींचे वंश जतन करून संशोधकांना पुरविले जातात. कापसाच्या तंतूचीच आवड लागली तर नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, 1924 पासून तंतूंची परीक्षा करणारी मुंबईची कापूस तंत्रज्ञान संस्था आणि 1972 साली स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ ही ठिकाणे आहेत. यांपैकी परभणी तलवाड्याहून सर्वांत जवळ, आणि वर्गाची एक सहल तेथे न्यावयाची असेल तर ती बोंडे पोसण्याच्या दिवसांत, म्हणजे दोरे बांधून झालेले आणि वह्या अर्ध्या भरलेल्या असताना न्यावी, म्हणजे विचारण्याजोगे प्रश्न मुलांजवळ तयार असतील.